साठ गुणांचा हिशेब

25 मे 2023 ला दुपारी दोन वाजता बारावीचा निकाल लागला आणि संध्याकाळी सातला पप्पा मार्केट यार्डातून घरी आले. पप्पा लातूरच्या आडत बाजारात मुनीम आहेत. सोयाबीन, तूर, हरभरा. कोणाचे किती कट्टे, हमाली किती, तोलाई किती, सगळा हिशेब त्यांच्या तोंडी असतो. त्या दिवशी त्यांनी हातपाय धुतले, चहा नको म्हणाले, खिशातून हिशेबाची एक कागदी पट्टी काढली आणि तिच्या कोऱ्या बाजूवर मला गुण लिहायला लावले. इंग्रजी 58, मराठी 67, गणित 61, फिजिक्स 59, केमिस्ट्री 60, बायोलॉजी 68. 600 पैकी 373.

मग त्यांनी मला नियम विचारला. मी सांगितलं की एनआयटीला, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांना, बारावीत 75 टक्के लागतात आणि त्यासाठी पाच विषय धरतात: एक भाषा, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि आणखी कोणताही एक. त्यांनी इंग्रजीवर काट मारली. "500 त 315. पंच्याहत्तर टक्क्यांना 375 लागतात. साठ कमी." एवढं बोलून त्यांनी पट्टी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत, आणि त्यानेच मला जास्त रडू आलं.

एक महिना आधीच, एप्रिलच्या शेवटी, एनआयटीच्या प्रवेशाची जी परीक्षा, त्या जेईई मेनचा निकाल लागला होता. 95.9 पर्सेंटाइल, म्हणजे परीक्षा दिलेल्या दर शंभरांतले जवळजवळ 96 माझ्या मागे. आयआयटीचं स्वप्न मी कधी पाहिलं नव्हतं, पण नागपूरचं व्हीएनआयटी पाहिलं होतं. महाराष्ट्रातली ती एकमेव एनआयटी, आणि तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात. मुलींसाठी वेगळ्या वाढीव जागाही असतात. सिव्हिल किंवा मेटलर्जीला माझा नंबर लागण्यासारखा होता. आणि पैशाचंही गणित होतं: एनआयटीची ट्युशन फी वर्षाला 1 लाख 25 हजार, पण घरचं उत्पन्न 1 ते 5 लाखांच्या मध्ये असेल तर तिच्यातली दोन तृतीयांश माफ होते. मुनिमाच्या पगारात आम्ही बरोबर त्या मधल्या पट्ट्यात बसत होतो.

आता हे 75 टक्क्यांचं मला आधी माहीत नव्हतं का? होतं. पण कोरोनामुळे 2020, 2021 आणि 2022 अशी सलग तीन वर्षं ही अट शिथिल होती. आम्ही ज्या क्लासला जायचो तिथे दोन वर्षं एकच ऐकलं: बोर्डाचं टेन्शन घेऊ नका, नुसतं पास व्हा, अट काही परत येत नाही. ज्युनिअर कॉलेजचा आणि क्लासचा करार होता, कॉलेजात आम्ही प्रॅक्टिकलपुरते जायचो. 2023 ला अट परत आली. 75 टक्के नाहीत तर बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये तरी या, अशी सवलत नंतर जोडली गेली, पण 62 टक्क्यांवर मी त्यातही नव्हते. क्लासवाल्यांना दोष देऊन मी मोकळी होऊ शकत नाही, कारण माहितीपुस्तिका मीही वाचली होती. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना जबाबदार माणसांनी असं छातीठोकपणे सांगू नये, हे मी आजही रागाने म्हणते.

लातुरात रिपीटर हा शब्द काही नवा नाही. ट्युशन एरियात नीटच्या रिपीटरांच्या वेगळ्या बॅचा चालतात, त्यांची होस्टेलं आहेत, त्यांचे डबेवाले आहेत. पण ती मुलं नीट परत देतात, बारावी नाही. डॉक्टरकीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत 50 टक्के मिळाले की काम झालं. मला मात्र पास झालेली बारावीच परत द्यायची होती. त्यामुळे ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायचा. एक शेजारी म्हणाले, 17 नंबरचा फॉर्म भर. तो तर बाहेरून बसणाऱ्यांचा असतो. मी ज्याच्या शोधात होते ती श्रेणीसुधार योजना: पास झालेल्या मुलांनी आपल्याच कॉलेजातून अर्ज भरून पुन्हा परीक्षा द्यायची. आमच्या वेळी त्यासाठी लगतच्या दोनच संधी होत्या, एक जुलैची आणि एक पुढच्या फेब्रुवारीची. जुलैचा निकाल ऑगस्ट संपता संपता लागणार, तोवर जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या केंद्रीय प्रवेशाच्या, सगळ्या फेऱ्या होऊन तिकडे वर्ग सुरू झालेले असणार. म्हणजे त्या वर्षीच्या प्रवेशाला जुलैची परीक्षा उपयोगाची नव्हती. परत द्यायची तर वर्ष जाणार हे नक्की होतं.

आणि न देण्यासारखंही बरंच होतं. राज्याच्या सीईटीच्या प्रवेशाला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित मिळून खुल्या गटाला 45 टक्के पुरतात. माझे त्या तीन विषयांत 300 पैकी 180, म्हणजे 60 टक्के होते. जी गुणपत्रिका नागपूरला चालत नव्हती तीच नांदेडला सहज चालत होती. 12 जूनला सीईटीचा निकाल आला, तोही चांगला होता. नांदेडचं गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी मिळेल असं दिसत होतं. जुनं, नावाजलेलं कॉलेज, एसटीने घरापासून काही तासांवर.

मामा पुण्याहून आले तेच तावातावाने. "मुलीचं वर्ष कामून वाया घालवायलात? नांदेडला घाला. इंजिनिअर तर होणारच ना पोर." त्यांचं म्हणणं मला चूक वाटत नव्हतं. आईला काळजी वेगळीच होती. धाकटा भाऊ तेव्हा नववीत होता, पुढच्या वर्षी त्याची दहावी, आणि मी घरी बसलेली. "घरी बसलेली" हे शब्द ती उच्चारत नव्हती, पण बायकांमध्ये कोणी विचारलं की तिची मान खाली जायची, ते मला दिसायचं. मी स्वतः तर रोज सकाळी एक ठरवायचे आणि रात्री दुसरं. एका दिवशी वाटायचं, सरळ नांदेड. दुसऱ्या दिवशी वाटायचं, मला येत असताना साठ गुण गेलेच कसे? आणि तिसऱ्या दिवशी मनात भीती यायची की मला मुळात येतच नसेल तर? जेईईत चार पर्यायांतून उत्तर ओळखता येतं म्हणून निभावलं असेल तर?

ह्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. ते माझ्याच उत्तरपत्रिकांत होतं.

पप्पांनीच ते काढलं. बारावीच्या निकालाला दोनेक दिवस झाले असतील, ते जेवता जेवता म्हणाले, "मला एक सांग. आमच्याकडं माल कमी भरला तर आम्ही काटा बघतो. तुझे साठ गेले कुठं ते कोणी बघितलं का?" गुणपडताळणी करायची का, असं त्यांना विचारायचं होतं. पडताळणीत विषयाला 50 रुपये भरून फक्त बेरीज आणि न तपासलेला प्रश्न राहिला का एवढंच बघतात. मला बेरजेची शंका नव्हती. मग आम्ही उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती मागवल्या. विषयाला 400 रुपये, तीन विषयांचे 1200. त्या वेळी 1200 रुपये देताना माझा हात आखडला होता.

लातूरलाच विभागीय मंडळ असल्यामुळे छायाप्रती हातोहात मिळाल्या. मी त्या वाटेत उघडल्या नाहीत. घरी येऊन, दार लावून, आधी फिजिक्स काढला.

मी आजही डोळे मिटले की तो पेपर मला पानापानाने दिसतो. 70 गुणांचा पेपर, मला 30. पहिल्या पानावर अक्षर चांगलं होतं. दहा बहुपर्यायी प्रश्नांपैकी नऊ बरोबर. पुढे एकेका गुणाचे आठ, त्यातही सहा बरोबर. म्हणजे पहिल्या 18 गुणांत मला 15. आणि उरलेल्या 52 गुणांत 15. पान उलटलं की दिसायचं, तीन गुणांच्या प्रश्नाला मी दोन ओळी लिहिल्या आहेत. कॉनिकल पेंड्युलमच्या आवर्तनकाळाची सिद्धता विचारली होती. आकृती नाही. दोरीतला ताण कोणत्या दिशेला, त्याचे घटक कोणते, काही नाही. मी थेट शेवटचं सूत्र लिहून त्याला चौकट केली होती. सूत्र अचूक होतं. बाजूला लाल शाईत 1. पुढच्या प्रश्नात व्याख्या होती, ती अर्धी. त्याच्या पुढे एक गणित, ज्यात मी किमती तोंडी टाकून उत्तर लिहिलं होतं, एकक लिहिलं नव्हतं. चार गुणांच्या पाचपैकी तीन प्रश्न सोडवायचे असतात. मी दोनच लिहिले होते आणि तिसऱ्याच्या जागी अर्धं पान कोरं होतं. पेपर संपायच्या वीस मिनिटं आधी मी हात बांधून बसले होते, हे मला तेव्हा आठवलं. माझ्या शेजारची मुलगी दोनदा पुरवणी मागायला उभी राहिली होती. मी एकही पुरवणी घेतली नव्हती. लवकर संपलं याचा मला आनंद झाला होता.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त सर राहतात. पूर्वी ते ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि बोर्डाचे पेपर तपासायचे. मी आणि पप्पा तिन्ही छायाप्रती घेऊन त्यांच्याकडे गेलो. पुनर्मूल्यांकनाला टाकावं का, हे विचारायचं होतं. सरांनी दोन पानं बघूनच सांगितलं की तपासणी योग्य आहे, ते 300 रुपये घालवू नकोस. मग त्यांनी एक वही घेतली, मधोमध रेघ मारली. एका बाजूला "येत नव्हतं" आणि दुसऱ्या बाजूला "येत होतं, लिहिलं नाही". म्हणाले, "मी प्रश्न वाचतो. तू मला तोंडी उत्तर द्यायचं. पुस्तक बघायचं नाही. खरं बोलायचं."

तीन संध्याकाळी हे चाललं. गेलेला प्रत्येक गुण आम्ही कुठल्या तरी एका बाजूला टाकला. कॉनिकल पेंड्युलम मी त्यांना सगळा करून दाखवला, तो उजवीकडे गेला. सेमीकंडक्टरमधला एक प्रश्न मला खरंच येत नव्हता, तो डावीकडे. केमिस्ट्रीतल्या ऑरगॅनिकच्या नावांच्या अभिक्रिया मी कधी पाठच केल्या नव्हत्या, त्या सगळ्या डावीकडे. डावी बाजू भरताना लाज वाटायची, पण सरांच्या चेहऱ्यावर काही नसायचं, ते फक्त आकडा लिहायचे. गणितात मी पायऱ्या गाळल्या होत्या, ते बहुतेक उजवीकडे. शेवटी बेरीज आली ती अशी: फिजिक्समध्ये गेलेल्या 40 पैकी 26 येत असून गेलेले, केमिस्ट्रीत 37 पैकी 19, गणितात 39 पैकी 23.

पप्पांनी बेरीज तोंडी केली. "68. लागतात 60. वर आठ."

सर लगेच म्हणाले, आठ म्हणजे काहीच नाही, एका पेपरला ताप आला तर आठ जातात. हे त्यांनी सांगितलं म्हणून मी त्यांची कायमची ऋणी आहे. त्यांनी मला 'जा, होईल तुझं' असं म्हटलं असतं तर मी घरी जाऊन आनंदाने उड्या मारल्या असत्या आणि ऑक्टोबरपर्यंत ढिली पडले असते. त्यांनी पुढे हेही दाखवलं की डाव्या बाजूलाही 48 गुण आहेत, त्यातले निम्मे आठ महिन्यांत उजवीकडे आणता आले तर मोकळा श्वास घेता येईल. आणि बायोलॉजी, मराठी तर आम्ही धरलेच नव्हते.

त्या रात्री आम्ही चौघं गच्चीवर बसलो. मी आईला सगळं समजावून सांगितलं, वही दाखवली. आईने एकच विचारलं, "आणि पुढच्या वर्षी जेईई कमी पडली तर?" तो प्रश्न अगदी बरोबर होता. बारावी सुधारली तरी 95.9 पर्सेंटाइल त्या वर्षापुरतंच होतं, पुढच्या वर्षी जेईई मेन पुन्हा द्यायचीच होती. दोन्ही जमलं तर नागपूर. एकच जमलं तर काय? मी म्हणाले, सीईटीही परत देईन, आणि पुढच्या वर्षी नांदेड मिळालं तर कुरकुर न करता जाईन. ह्या वर्षीचं नांदेड आणि पुढच्या वर्षीचं नांदेड यांत फरक एका वर्षाचा आहे आणि तो मी सोसायला तयार आहे. आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग विचारणाऱ्यांना मी काय सांगायचं ते मी बघीन. तू नको बघू." तिथे ठरलं. निर्णय कोणता एका क्षणी झाला असं मला कोणी विचारलं तर मी सरांची वही सांगणार नाही, आईचं हे वाक्य सांगेन.

कॅपच्या, म्हणजे राज्यातल्या कॉलेजांच्या केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्यांत मी कॉलेजांचे पर्याय भरलेच नाहीत. शेवटची तारीख होती त्या दुपारी पप्पांनी यार्डातून फोन केला, "पक्कं ना?" मी पक्कं म्हणाले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, हात कापत होते.

वर्षाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण प्रत्येक दिवस सारखाच होता. क्लास लावला नाही, तेवढे पैसे नव्हते आणि गरजही नव्हती. सकाळी जेईईची गणितं, दुपारनंतर बोर्डाचं लिखाण. सरांनी घड्याळ लावून लिहायला लावलं. तीन गुणांच्या उत्तराला किती जागा, आकृती पेन्सिलने आधी, मग तिला नावं, मग सिद्धतेच्या ओळी, शेवटी एककासह उत्तर. दिवाळीपर्यंत माझ्या अशा चौदा फुलस्केप वह्या भरल्या. सुरुवातीला मला हे शाळकरी वाटायचं. नंतर नंतर लक्षात आलं की पायऱ्या लिहिताना मला फिजिक्स पहिल्यांदा समजायला लागलं आहे. सेमीकंडक्टर तर मी लिहून लिहूनच शिकले. सहाही विषय पुन्हा घेऊन बसले, म्हणून मराठी आणि इंग्रजीचेही जुने पेपर सोडवले.

सगळ्यात वाईट आठवडा फेब्रुवारीचा. जेईई मेनच्या जानेवारीतल्या सत्राचा निकाल 13 फेब्रुवारी 2024 ला लागला: 95.2. मागच्या वर्षीपेक्षा कमी. 21 तारखेला बोर्डाचा पहिला पेपर, इंग्रजी. मधे आठ दिवस. मी चादर डोक्यावरून घेऊन पडून राहिले. पप्पा दुपारच्या सुट्टीत घरी आले, कोणी तरी फोन केला असावा. पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, "कामून रडायलीस? एप्रिलचा सौदा बाकी आहे अजून. आज बोर्डाचा हिशेब बघ." मी उठले ते त्यांचं समाधान व्हावं म्हणून. पण उठले.

फिजिक्सच्या पेपरला मी दोन पुरवण्या घेतल्या. दुसरी घेताना पर्यवेक्षक मॅडमनी दोरा दिला, आणि तो ओवताना माझी बोटं थरथरत होती, तरी मी व्यवस्थित गाठ मारली. शेवटची घंटा झाली तेव्हा मी लिहितच होते.

21 मेला निकाल लागला. मराठी 78, गणित 82, फिजिक्स 77, केमिस्ट्री 74, बायोलॉजी 79. 500 पैकी 390. पप्पांना मी फोनवर पाच आकडे वाचून दाखवले, पलीकडे हमालांचा आरडाओरडा चालू होता. ते म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर टक्के. पंधरा वर." एप्रिलच्या सत्रात जेईई मेनला 96.6 मिळाले होते, म्हणजे वर्षभर घासून मागच्यापेक्षा एवढंसंच वर. जेईईसाठी मी वर्ष घातलं असतं तर ते वाया गेलं असं म्हणावं लागलं असतं. माझं वर्ष बारावीसाठी होतं. जोसाच्या तिसऱ्या फेरीत व्हीएनआयटीत मेटलर्जी मिळालं.

एक गोष्ट मात्र मला लिहिलीच पाहिजे. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्युशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. आमचं ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र आहे. आदल्या वर्षी नांदेडला गेले असते तर दुसऱ्या वर्षापासून माझी ट्युशन फी शून्य झाली असती. 2023 च्या जूनमध्ये गच्चीवर बसून आम्ही जो पैशाचा हिशेब मांडला, त्यात हे येणं शक्यच नव्हतं. मामांनी त्यावरून एकदा विषय काढला होता. पप्पा म्हणाले, त्या दिवशीच्या भावाने त्या दिवशीचा सौदा होतो.

प्रवेशाच्या कागदांत गॅपचं प्रतिज्ञापत्र लागणार होतं. आम्ही तहसीलबाहेरच्या टंकलेखकाकडे गेलो. त्याच्याकडे मजकूर तयारच असतो, फक्त नाव आणि वर्ष बदलायचं. त्याने कागद बाहेर काढून सही करायच्या आधी वाचून घ्या म्हणून पप्पांच्या हातात दिला. पप्पांनी चष्मा लावून मोठ्याने वाचला: "सदर कालावधीत माझ्या मुलीने अन्य कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही." ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मग खिशातून पेन काढताना त्याच्याबरोबर एक जुनी घडी केलेली पट्टी बाहेर आली, कडा झिजलेल्या, इंग्रजीवर काट मारलेली. ती त्यांनी परत खिशात ठेवली आणि सही केली.